माझ्या हॉलमध्ये तुझा दिवा

सोमवार, ३ तारीख

प्रिय धाकटीस,

थोरल्या जावेचे आशीर्वाद. लेकीच्या बाळंतपणाला गेलीस, लेक आणि नातू सुखरूप आहेत ना? भावजींनी बाळाचा फोटो ह्यांना पाठवला, तो आई दिवसातून इतक्यांदा मागतात की ह्यांचा फोन दुपारीच मान टाकतो. बाळाचं नाक तुझ्यावर गेलंय म्हणतात. मला एवढ्याशा बाळाचं नाक कुणावर गेलंय ते कधीच कळत नाही, पण आई म्हणतात म्हणजे गेलं असेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. घरात कुठेही उभं राहून बोललं तरी हॉलमध्ये ऐकू जातं, आणि हॉलमध्ये आई. त्यांना ऐकू येत नाही असं आपण धरून चालतो तेव्हाच नेमकं सगळं ऐकू येतं. शिवाय फोनवर तू इतकं गोड बोलतेस की मला जे सांगायचं असतं ते तसंच राहून जातं. कागदावर निदान तू मध्ये बोलू शकत नाहीस.

तुझ्या झाडांना एक दिवसाआड पाणी घालते. टपाल जेवणाच्या टेबलावर ठेवलंय. गॅलरीतलं ते मोठ्या पानांचं झाड जरा मलूल दिसतंय, पण ते मी यायच्या आधीपासूनच तसं होतं.

आता आमच्या घराचं. सत्तेचाळीस दिवस झाले जाहिरात लावून, आणि बघायला आले किती? दोन. त्यातला एक चुकून आला होता. त्याला खालचा मजला बघायचा होता. ह्यांनी स्वतःच्या फोनवर फोटो काढले होते ते तू पाहिलेस का? स्वयंपाकघराच्या फोटोत ह्यांचा अंगठा आहे. हॉलच्या फोटोत आईंचा कठडे लावलेला लोखंडी पलंग, आणि पलंगावरून बाहेर आलेली आईंची पावलं, मोज्यांसकट. एजंट म्हणाला, "काकू, घर विकायचंय ना तुम्हाला? मग हे फोटो कुणाला घाबरवायला काढलेत?"

तुमचं जुनं घर नऊ दिवसांत गेलं. नऊ! ते फोटो मी अजून ठेवलेत. तू फोटोवाल्यांना बोलावलं होतंस, आम्ही हसलो होतो की स्वतःच्याच घराचे फोटो काढायला माणूस कशाला लागतो. हसले ते फक्त मीच, हे खरं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काही खोटं नाही. रागावू नकोस, हे प्रेमाने म्हणतेय. बरंचसं प्रेमाने.

तर आता गुरुवारी आमच्याकडेही फोटोवाली येणार आहे. एजंटने मोठी यादी दिलीय. फ्रिजवरचं सगळं काढा. भांडी घासायचा साबण, घासणी, कचऱ्याचा डबा, टूथब्रश, टॉवेल, चपला, औषधं, वायरी, सगळं नजरेआड. भिंतीवरचे घरच्यांचे फोटो उतरवा. मी म्हटलं, "मग राहतं काय?" तर म्हणाला, "घर राहतं. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथं कुणी राहत नाही आणि उद्यापासून आपण राहू शकतो." आणि मग जरा खाली बघून, "तो पलंगही."

पलंग काढायचा म्हणजे आईंना दिवसभर कुठे ठेवायचं? तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, दोन गल्ल्या सोडून तर आहे, आणि तुमच्याकडे लिफ्ट आहे. आमचे तीन जिने उतरवायला हे आणि वॉचमन मिळून खुर्ची धरतील. तेव्हा गुरुवारी आईंना तुझ्याकडे बसवते. आणि तुझा तो उभा दिवा एका दिवसापुरता आणते. आणि सोफ्यावरच्या राखाडी उशा. चालेल ना? तुझं उत्तर येईपर्यंत गुरुवार उलटून जाईल, म्हणून "चालेल" असं धरूनच चालते.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. तळमजल्याच्या फ्लॅटचा मालक तीस तारखेपर्यंतच थांबणार आहे. तोवर आमचं घर विकलं गेलं तर आई आमच्याबरोबर तळमजल्यावर. नाही गेलं तर आई तुझ्याकडे. तुझ्याच जेवणाच्या टेबलावर ठरलं हे. तू माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस, "वहिनी, तुम्ही आता जरा आराम करा." त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. तेवीस वर्षं आई माझ्याजवळ आहेत. त्या पडल्या तेव्हापासून दुकानातली नोकरी सोडून चार वर्षं झाली. आराम हवाय असं मी कुणाला म्हटलं होतं?

असो. बाळाला माझा पापा. तुझी झाडं मरू देणार नाही.

तुझी,
थोरली

 

शनिवार, ८ तारीख

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. बाळ रात्रीचं रडतं असं भावजी म्हणाले. रडू दे, फुप्फुसं चांगली होतात. हे आईंचं मत, माझं नाही.

झाले बाई फोटो. अंग अजून ठणकतंय. बुधवारी दिवसभर मी घर आवरत होते. आवरत कसली, लपवत होते. घरात एवढं सामान आहे हे तेवीस वर्षांत कळलं नव्हतं. फ्रिजवरून गॅसवाल्याचा, डॉक्टरचा, तुझा, सगळ्यांचे नंबर काढले. औषधांचा डबा ओव्हनमध्ये ठेवला. चपला गादीखाली. भिंतीवरचे फोटो उतरवले तर खाली फिकट चौकोन उरले, म्हणून ह्यांनी तेवढ्याच भागाला रंग लावला, तर ते चौकोन आता गडद दिसायला लागले. "हात दाखवून अवलक्षण," मी म्हटलं. हे म्हणाले, "तूच म्हणालीस ना, काहीतरी करा?" मग तिथे झाकायला काहीतरी मोठं हवं होतं.

इथून गाडी उताराला लागली. तुझा दिवा आणायला गेले तेव्हा हॉलमधलं ते निळं चित्र बरोब्बर त्या चौकोनांएवढं वाटलं. ते घेतलं. चित्र घेतलं तर त्याखाली आमचा सोफा भिकारी दिसायला लागला, म्हणून तुझ्या सोफ्यावरची चादर घेतली, गालिचा घेतला. पडदे घेतले, कारण आमचे पडदे गालिच्याशी भांडत होते. काचेचं ते खोल भांडं, पलंगपोस, न्हाणीघरातले पांढरे टॉवेल. ह्यांनी गाडीच्या चार खेपा केल्या आणि चौथ्या खेपेला म्हणाले, "अगं, तिच्या भिंती तेवढ्या राहिल्यात, त्याही आणू का?" मी म्हटलं, भिंती आपल्या बऱ्या आहेत.

सगळं परत नेऊन जागच्या जागी ठेवलंय. पडद्यांना इस्त्री केलीय. काचेच्या भांड्याला काही झालेलं नाही.

फोटोवाली तुझ्या लेकीच्या वयाची असेल. पायात मोजे घालून, तीन पायांवरचा कॅमेरा घेऊन घरभर हिंडली. प्रत्येक खोलीत कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावायची, म्हणजे खोली मोठी दिसते. एकच फोटो पाच-पाच वेळा काढायची, एक काळाकुट्ट, एक पांढराफटक, आणि मग म्हणे ते सगळे एकात मिसळायचे. दिवसाढवळ्या घरातले सगळे दिवे लावून ठेवले. "काकू, टॉयलेटचं झाकण." "काकू, नळाला पाण्याचा थेंब लोंबतोय." "काकू, आरशात तुम्ही दिसताय, जरा बाजूला." मी बाजूला झाले. दुसऱ्या खोलीत टीव्हीच्या काचेत दिसले. तिसऱ्या खोलीत ओव्हनच्या दारात. शेवटी तिने मला जिन्यात उभं केलं आणि दार लावून घेतलं. स्वतःच्या घराबाहेर वीस मिनिटं उभी होते मी, वरच्या मजल्यावरची बाई विचारतेय, "किल्ली विसरलात का?"

आई तुझ्याकडे नीट राहिल्या. सकाळी दहा ते चार. हे बसले होते सोबतीला, म्हणजे पेपर वाचत. आल्यावर आईंची पाठ धरली होती, पण ती काय नेहमीचीच.

काल फोटो आले. काय सांगू! स्वयंपाकघरात ऊन पसरलंय. आमच्या त्या बोळकांडीएवढ्या झोपायच्या खोलीत माणूस गोल गोल फिरू शकेल असं वाटतं. आणि हॉल! जिथे पलंग होता तिथे तुझा दिवा, तुझं चित्र, तुझा गालिचा. मी बघतच राहिले. मग हे मागून येऊन म्हणाले, "अरे, हे तर धाकटीचं घर!" झालं. नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळं घासलं मी, पुसलं मी, जिन्यात उभी राहिले मी, आणि घर छान दिसलं तर ते तुझं. दोन वस्तू आल्या की ज्या घरात त्या दिवशी तू पाऊलही टाकलं नाहीस ते तुझं होतं. लग्न होऊन आलीस तेव्हापासून हे असंच चाललंय. मी दोन तास खपून जेवण करायचं, तू वर चार पानं टाकून सजवायचीस, आणि मामंजी म्हणायचे, "वा, धाकटीचा हात!" ते गेले, आता तरी हे मनातून जायला हवं होतं. जात नाही.

तुझ्या मागच्या खोलीबद्दल तू कधी काही बोलली नव्हतीस. असो.

एजंट म्हणतो आता बघ, रांग लागेल. लागो.

तुझी,
थोरली

 

शुक्रवार, २१ तारीख

प्रिय धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. "वहिनी, दिवा आवडला असेल तर ठेवूनच घ्या, मला तो कोपऱ्यात तसाही जास्त होतो." हे असं असतं तुझं. मी तुझं अर्धं घर उचलून आणते आणि तू वर दिवा देतेस. तू एकदा तरी चिडली असतीस तर तुझ्याशी बोलणं सोपं गेलं असतं.

घर विकलं गेलं. आधी ते सांगते, कारण त्यातच सगळं आहे. सोळा जण बघून गेले. नवरा-बायको आहेत, दोघंही शिक्षक. मंगळवारी बोलणं पक्कं झालं. तळमजल्याच्या मालकाला ह्यांनी त्याच संध्याकाळी कळवलं. म्हणजे मी जिंकले. महिनाभर ह्याच दिवसाची वाट पाहत होते, आणि मंगळवारी मी भरलं ताट तसंच झाकून ठेवलं.

आता ती मागच्या खोलीची गोष्ट. मागच्या पत्रात "असो" लिहून मी पळाले होते.

त्या गुरुवारी सकाळी आईंना लिफ्टने वर आणलं. हे खाली गाडीत सामान भरत होते. आई म्हणाल्या, "जरा आडवी होते." म्हणून मी मागच्या खोलीचं दार उघडलं. झाडांना पाणी घालायला येते तेव्हा ते लोटलेलंच असतं, मी कधी आत डोकावले नव्हते. आत तो बुटका पलंग. न्हाणीघराच्या दारापासून आतपर्यंत भिंतीला धरायला दांडे. पलंगाजवळ बेलचं बटण. आणि खिडकीशी ती सरळ पाठीची, हाताची खुर्ची. आई तिच्यात बसल्या आणि त्यांची दोन्ही पावलं जमिनीला टेकली. धाकटे, आमच्याकडच्या एकाही खुर्चीत त्यांची पावलं टेकत नाहीत. मी पायाखाली पाट देते. तेव्हा मला आठवलं, मागे तू आमच्याकडे आली होतीस आणि आईंच्या गुडघ्यापासून खाली वितीने मोजत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "मोजे आणायचेत." मोजे तू आणलेसही.

सगळं तयार होतं. कुणाला न सांगता, न मिरवता. माझं घर विकलं जाणार नाही हे तू धरूनच चालली होतीस असं मला वाटलं, आणि मी पायापासून डोक्यापर्यंत जळाले. मला तुझी खुर्ची हवी होती असं नाही. ती मला का सुचली नाही, ह्याने जळाले. चार वर्षं पाट देतेय मी.

आईंनी हात फिरवून बघितला खुर्चीवर. म्हणाल्या, "कुणाची गं ही खोली?"

माझ्या हातात तुझ्या उशा होत्या. मी वळलेसुद्धा नाही. म्हटलं, "तिच्या आईची. तिची आई येणार आहे ना कायमची राहायला."

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. शिंक यावी तसं आलं. पण शिंक आल्यावर माणूस निदान रुमाल शोधतो. मी उशा घेऊन तशीच उभी राहिले.

आई म्हणाल्या, "बरं केलं पोरीनं." मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागल्या. "मी बाहेरच बसते मग. दुसऱ्याच्या खोलीत कशाला." आणि तुझ्या त्या कडक सोफ्यावर सहा तास बसल्या, उशाही मी घेऊन आले होते. ह्यांना कळलं का म्हणशील, तर पेपरातून डोकं वर काढलं असतं तर कळलं असतं. पाठ "नेहमीची" धरली असं मी तुला लिहिलं ते ह्यामुळे.

इथवर येऊन थांबलं असतं तर मी तुला हे लिहिलं नसतं, खरं सांगते. गप्प बसले असते, घर विकलं असतं, आई माझ्या झाल्या असत्या.

फोटो आल्यावर आईंनी बघायला मागितले. हॉलचा फोटो बराच वेळ धरून बसल्या. "माझा पलंग कुठंय?" मी म्हटलं, फोटोपुरता गच्चीवर नेला होता, आता आहात की त्याच्यावरच. त्यांनी न्हाणीघराचा फोटो दाखवायला सांगितला. तिथलं बसायचं स्टूल नव्हतं, धरायची दोरी नव्हती. "मोठं दिसतंय गं घर," म्हणाल्या आणि फोन परत दिला. मला वाटलं, कौतुक केलं. कामाची बाई येण्याआधी चपला गादीखालून काढायच्या होत्या, मी गेले.

दुसऱ्या दिवसापासून आई चालायला लागल्या. खरंच! काठी घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत आणि परत. आधी तीन फेऱ्या, मग पाच, मग दहा. मी हात द्यायला गेले तर म्हणायच्या, "नको, आपलं आपण जमायला हवं." मला काय आनंद झाला सांगू. मला वाटलं, तळमजल्यावर जायचं म्हणून तयारी चाललीय, अंगणात फिरायला मिळेल म्हणून. शेजारणीला सांगितलं मी, "बघा, माझ्याबरोबर यायचं म्हणून कशा उभारीने चालतायत." एकदा टाळ्यासुद्धा वाजवल्या.

बुधवारी हे ऑफिसातून आले आणि मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाले, "आईने मला काय सांगितलं माहितेय? ते पुलापलीकडे म्हाताऱ्या माणसांना ठेवतात ना, तिथे जागा आहे का विचारून ये म्हणाली. कुणाला बोलू नको म्हणाली. तिथे आपल्या पायांनी चालणाऱ्यांनाच घेतात, म्हणून ती इतके दिवस चालतेय."

मी गॅस बंद केला आणि खाली बसले. फरशीवर.

समजलं का तुला? माझ्या घराच्या फोटोत त्यांचा पलंग नव्हता. तुझ्या घरात खोली होती ती तुझ्या आईची. तळमजल्याच्या घरात त्यांना खोली आहे हे आपण कुणी सांगितलंच नव्हतं, विचारलं तर नाहीच. सगळं आपण दोघींनी आणि ह्या दोघा भावांनी तुझ्या टेबलावर ठरवलं आणि घरी येऊन त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी आपलं आपण हिशोब जुळवला आणि कुणाला त्रास नको म्हणून चालायला लागल्या. आणि मी टाळ्या वाजवत होते.

ह्यांना मी तेव्हाच सांगितलं सगळं. हे त्या रात्री जेवले नाहीत एवढंच.

काल दुपारी आईंची सातवी फेरी चालू होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आई, मी खोटं बोलले. तिची आई येणार नाही. ती तिच्या मुलाकडे मजेत आहे."

आईंनी भिंत धरली. "मग ती खोली?"

"तुमची आहे. तुमच्यासाठीच केलीय तिने. खुर्चीसुद्धा तुमच्या मापाची आहे."

त्या पलंगावर बसल्या. मला वाटलं रडतील. तर एकदम तडकल्या, "आणि तू मला सहा तास त्या फळकुटावर बसवलंस? पाठ मोडली माझी त्या दिवशी!"

"हो."

"का गं असं बोललीस?"

"तुम्ही तिकडेच राहाल म्हणून."

"मग राहिले असते. त्यात काय?"

त्यात काय! तेवीस वर्षांत आई मला इतकं सरळ कधी बोलल्या नव्हत्या, आणि मीही त्यांना नाही. मग मीच विचारलं, जे आपल्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. म्हटलं, "आई, आता दोन्हीकडे जागा आहे. तळमजल्याचं घर झालंय, तिथेही तुमची खोली आहे. तुम्हाला कुठे राहायचंय?"

मी इतक्या खालच्या आवाजात विचारलं की त्यांना ऐकू गेलं नसावं अशी मला आशा होती. पण म्हटलं ना, त्यांना नेमकं तेव्हाच ऐकू येतं. त्यांनी थोडासुद्धा वेळ घेतला नाही.

"तिच्याकडे," म्हणाल्या. "तिच्या खिडकीतून बसस्टॉप दिसतो. माणसं येतात-जातात ती दिसतात."

तेवीस वर्षं मी, आणि बसस्टॉप! बसस्टॉपपुढे हरले मी, धाकटे. त्यांनी तुझं नाव कारण म्हणून सांगितलं असतं तर मी भांडले असते, मनातल्या मनात का होईना. बसस्टॉपशी कोण भांडणार?

मग त्याच मला म्हणाल्या, "तू रडतेयस कशाला? ये की भेटायला. दोन गल्ल्या तर आहेत." आणि उठून आठवी फेरी मारायला लागल्या. मी म्हटलं, आता कशाला चालताय, तर म्हणाल्या, "लागलीय सवय."

तेव्हा तू आलीस की त्यांना घेऊन जा. बाळाचं सगळं मार्गी लागू दे, घाई नाही. तोवर मी सांभाळते. तू आल्यावर मी जिन्यापर्यंत येईन, खाली गाडीपर्यंत येणार नाही. ते मला जमेल असं वाटत नाही, आणि माझं तोंड त्यांना दिसायला नको. त्यांच्या गोळ्यांचं मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवलंय. चहात साखर नाही म्हणतात पण अर्धा चमचा घाल, त्यांना कळतं आणि त्या बोलत नाहीत. आंघोळीचं पाणी आधी त्यांच्या हातावर ओत, एकदम पाठीवर नको.

एक गोष्ट तुला सांगायची नाही असं मी ठरवलं होतं. तेवढी एक तरी माझ्याकडे राहू दे असं वाटत होतं. कालपासून तीनदा पत्र बंद केलं आणि तीनदा उघडलं. आई कधीकधी एकदम विचारतात, "किती वाजले गं?" पाच मिनिटांनी परत, "किती वाजले?" तेव्हा घड्याळ बघून सांगत बसू नकोस. त्या घाबरलेल्या असतात. कशाला ते त्यांनाही सांगता येत नाही. हातातलं काम टाकायचं, जवळ बसायचं आणि त्यांच्या पायावर हात ठेवायचा, काही बोलायचं नाही. थोड्या वेळाने त्या आपणच दुसरं काहीतरी बोलतात. हे कळायला मला अकरा वर्षं लागली. तुला आता पहिल्या दिवसापासून माहीत असेल.

तुझ्यावर जळणारी, आणि तरीही तुझीच,
थोरली